ताईच्या ॲपची उजवी पानं

हे मी सांगायचं नाही, असं ठरलं होतं. ताईने तर मला बजावूनच ठेवलंय. पण अशा गोष्टींचं कसं होतं, एक पोटात ठेवली की दुसरी येऊन तिच्यावर बसते, तिसरी दोघींना ढकलते, आणि मग भर वर्गात मला एकटीलाच हसू फुटतं. मी मुळात कमी बोलते. त्यामुळे लोकांना वाटतं, हिला काहीतरी झालंय!

त्यापेक्षा लिहून टाकलेलं बरं.

माझी ताई फोनवर चालणारं एक ॲप बनवते. त्यात भौतिकशास्त्राचे प्रयोग करता येतात. दगड वरून टाका, होडी तरंगवा, उतारावरून खोका सोडा. ज्या शाळांत प्रयोगशाळा नाही, त्यांच्यासाठी. त्यापायी तिने वापीच्या कंपनीतली नोकरी सोडली. बाबा म्हणाले, "दिवाळीपर्यंत कर काय ते. शाळांनी घेतलं तर ठीक, नाहीतर परत वापी. काकांनी जागा धरून ठेवलीय." तेव्हापासून आमच्या घरात दिवाळी हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नाही.

माझ्याकडे टेस्टिंग. लोकांच्या हातात ॲप द्यायचं आणि वहीत लिहायचं. डाव्या पानावर ॲपचं काय चुकलं ते, उजव्या पानावर माणसं काय म्हणाली ते.

उजवी पानं आधी संपली!

*

पहिली चाचणी आमच्या विज्ञानाच्या सरांनी घेतली, तलासरीच्या आमच्याच शाळेत. सर वर्गापुढे फोन धरून म्हणाले, "आता बघा, दगड कसा दणकन पडतो!" आणि बटण दाबलं.

दगड निघाला. निघाला तो येतच राहिला. सावरीच्या कापसासारखा.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पडला का?"

"पडतोय!"

सरांनी फोन हलवून पाहिला, खिडकीशी नेऊन पाहिला. शेवटी गंभीरपणे म्हणाले, "तलासरीत नेटवर्क कमी आहे ना, म्हणून हळू पडतोय."

ॲपला नेटवर्क लागतच नाही. पण सरांना भर वर्गात हे सांगायचं कसं? मी चिठ्ठी लिहून पुढे सरकवली: 'सर, वर पृथ्वीऐवजी चंद्र निवडलाय.' सरांनी ती वाचली, नीट घडी घालून खिशात ठेवली आणि वर्गाकडे वळले.

"हां! तर इतका वेळ आपण चंद्रावर होतो. कोणाकोणाच्या लक्षात आलं?"

*

माझ्या वर्गातली सुनीता गलोल मारण्यात पटाईत आहे. ॲपमध्ये गलोलीने कैरी पाडायचा प्रयोग आहे. किती अंशाच्या कोनात मारायचं ते आधी ठरवायचं, मग सोडायचं. सुनीताने बोटाने ओढलं, सोडलं, कैरी खाली. पाच वेळा मारलं, पाच कैऱ्या!

ताई हरखली. "सुनीता, कोन कुठला घेतलास?"

सुनीताने मागे वळून पाहिलं. "कोण? कोणी नव्हतं, मी एकटीच मारलं."

मग ताईने कागदावर गणित केलं, कोन काढला आणि स्वतः नेम धरला. कैरी जागची हलली नाही.

सुनीता हळूच म्हणाली, "ताई, तुझा कोण चुकला."

*

होडीचा प्रयोग आम्ही डहाणूच्या बंदरावर नेला. मासे विकणाऱ्या कमळामावशींनी हात पुसून फोन घेतला. होडीत माल भरत जायचा आणि ती कधी बुडते ते पाहायचं. त्या भरत गेल्या आणि होडी बुडाली.

"एवढ्याशा मालानं?" मावशी फोनकडे न बघता ताईकडे बघू लागल्या. "पाणी कुठलं घातलंस गो?"

"कुठलं म्हणजे... पाणी."

"समुद्राचं, खाडीचं, का नळाचं?"

ॲपमध्ये गोडं पाणी होतं. खारं पाणी जड असतं, होडीला जास्त उचलून धरतं, हे ताई कॉलेजात शिकली होती. पण ॲपमध्ये पाणी निवडायची सोय द्यायलाच विसरली होती.

मावशींनी फोन परत दिला. "नळाच्या पाण्यात होडी घालायला ही काय बादली हाय?"

*

लंबकाच्या प्रयोगात खरा फोनच झुलवायचा असतो. एका झोक्याला किती वेळ लागतो, ते ॲप मोजतं आणि आलेख काढतं. सुनीताच्या पाड्यावर गेलो, तर झुलवायला काहीच मिळेना. तिची वहिनी म्हणाली, "झोळी हाय ना!" आणि तिने ताईचा फोन बाळाच्या पायाशी ठेवून झोका दिला.

आलेख फार सुंदर येत असणार. पण बाळ झोपलं!

ताईने फोन काढायला हात घातला, तर वहिनी पुटपुटली, "हात नका लावू. दोन दिवसांनी झोपलाय."

आम्ही ओट्यावर बसलो. चहा झाला. तांदळाची भाकरी झाली. सुनीताची निम्मी भांडी मी घासून दिली. बाळ उठलं तेव्हा उन्हं कलली होती. ताईकडे आजवरचा सगळ्यात लांब आलेख तोच.

आता वहिनी पाडाभर सांगते, "ताईंनी पोरं निजवायचं ॲप काढलंय. लय गुणाचं हाय."

*

बाबांचं चारोटीला टायरचं दुकान आहे. ॲपला ते हात लावत नाहीत. पण एकदा ट्रकचं टायर बदलेपर्यंत गुजरातच्या एका ड्रायव्हरकाकांच्या हातात त्यांनीच फोन दिला. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला तर ट्रक किती लांब जाऊन थांबतो, असा प्रयोग होता.

काकांनी ब्रेक मारला. ट्रक घसरत घसरत गेला. ॲपने सांगितलं, पुढच्या गाडीपासून एवढं अंतर ठेवा.

"चूक आहे," काका म्हणाले.

ताई घाबरली. "गणित चुकलंय?"

"गणित बरोबर असेल बेन. पण एवढी जागा सोडली तर मध्ये तीन गाड्या घुसतात!"

बाबा खदखदून हसले. मग ताईकडे बघून हसू आवरलं. दिवाळीला तीन आठवडे उरले होते.

*

आता झरी गावचं सांगते.

तिथल्या एका शाळेत शिक्षण खात्यातले एक साहेब ॲप बघायला येणार होते. त्यांनी लिहून दिलं तर तालुक्यातल्या शाळा ते वापरणार, नाहीतर वापी. ताईने ओढणीला तीनदा इस्त्री केली. मी दगड पृथ्वीवरच आहे ना, ते चारदा पाहिलं.

सगळं नीट चाललं. साहेब मान डोलावत होते. मग म्हणाले, "चांगलंय. पण साध्या माणसाला जमेल का?" आणि दारात उभ्या असलेल्या जमनीमावशींना त्यांनी आत बोलावलं. मावशी त्या शाळेत खिचडी शिजवतात.

समोर नेमका 'कार्य' हा धडा उघडा होता. त्यात एक बाई डोक्यावर भरलेला हंडा घेऊन सपाट रस्त्याने चालते. मावशींनी बोटाने तिला पंपापासून शाळेपर्यंत आणलं. कुठेही अडखळल्या नाहीत. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी ॲप बोलतंही. ते ताईच्याच गोड आवाजात बोललं:

"तुम्ही केलेले कार्य, शून्य."

"काय म्हणली ही?"

"शून्य," मी म्हणाले. दिवसभरात तेवढा एकच शब्द बोलले, आणि तोही हा!

ताई घाईघाईने समजावू लागली. "मावशी, आपण हंडा धरतो तो जोर वरच्या दिशेला, आणि चालतो आडवं. म्हणून विज्ञानात..."

"रोज सहा हंडे आणते मी," मावशी शांतपणे म्हणाल्या. "पण असंल तुमचं बरोबर. शिकलेली माणसं तुम्ही."

त्या बाहेर गेल्या. परत आल्या त्या भरलेला हंडा घेऊन. साहेबांच्या डोक्यावर त्यांनी आधी चुंबळ ठेवली, चांगली दाबून बसवली, मग वर हंडा.

"चला साहेब, त्या चिंचेपर्यंत जाऊन या. काम काय नाय. शून्य हाय."

कोणी हसलं नाही. हसायची हिंमतच नव्हती. ताईने डोळे मिटून घेतले. साहेब मात्र निघाले. दोन्ही हातांनी हंडा धरून, ताठ मानेने, सपाट मैदानावरून. चिंचेला वळसा घालून परत आले तेव्हा सदरा छातीपर्यंत भिजला होता. मावशींनी हंडा उतरवून घेतला. साहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी पेन मागितलं.

त्यांनी लिहिलं: 'सदर ॲप तालुक्यातील शाळांत वापरण्यास हरकत नाही. सिद्धांत बरोबर आहे. मान दुखते.' खाली सही.

बाबांनी तो कागद दोनदा मनात वाचला, तिसऱ्यांदा आईला मोठ्याने वाचून दाखवला. मग वापीला फोन लावला आणि म्हणाले, "ती जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाका. आमची पोरगी आता..."

आले गं ताई! फोन माझ्याकडेच आहे, आणते. नाही गं, कुठे काय लिहितेय, मी नुसतं