दारावरचं सिंहासन

माझ्या यजमानांना भूकंपानं नेलं, असं लोक हळहळून म्हणतात, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. कसला भूकंप? जमीन हलली तेव्हा ते अंथरुणातून उठून, धोतर सावरून, दारापर्यंत आपल्या पायांनी चालत गेले होते. उत्तरेत रेल्वेच्या नोकरीत होतो आम्ही. घर उभंच होतं. आमच्यामागून भेगा बुजवून त्याच घरात दुसरं कुटुंब राहायला आलं. यजमानांना मारलं ते दारावरच्या कठड्यानं. बाहेरून बंगल्यासारखं दिसावं म्हणून कुण्या शहाण्यानं दारावर विटांचा पुरुषभर उंच कठडा रचला होता. त्याला ना मागून आधार, ना त्याचा कुणाला उपयोग. यजमान पायरीवर उतरले आणि तो सगळाच्या सगळा त्यांच्या अंगावर आला. मी आणि आमची लेक त्यांच्यामागे चौकटीत होतो. आम्हाला साधा ओरखडाही उठला नाही.

नंतर आम्हाला तंबूत ठेवलं होतं. तिथे भूगर्भाचा अभ्यास करणारा एक गोरा अधिकारी यायचा. कुणाची भांडी कोणत्या दिशेला पडली, घड्याळाचा लंबक थांबला का, कोणत्या भिंती फुटल्या नि कोणत्या टिकल्या, हे विचारत हिंडायचा. बायकांत इंग्रजी येणारी मी एकटी. माझं कुंकू पुसून चार दिवस झाले नव्हते आणि हा मला विचारतो, उतरंडीतलं कोणतं मडकं आधी पडलं? मी म्हटलं, सगळ्यात वरचं, दुसरं कोणतं पडणार? तो म्हणाला, घराचंही तसंच असतं. खाली जमीन थोडी हलते, पण माथ्याशी तीच हालचाल वाढते आणि तिथे जे नुसतं ठेवलेलं असेल ते बाहेर फेकलं जातं. म्हणून चारी भिंती लाकडाच्या नाहीतर लोखंडाच्या पट्ट्यानं एकमेकींना बांधाव्या, छप्पर हलकं ठेवावं, आणि दारावर जड काही चढवू नये, कारण घाबरलेला माणूस दाराकडेच धावतो.

मी विचारलं, हे तुम्हा लोकांना आधीपासून ठाऊक होतं? होतं, म्हणाला. पूर्वीच्या भूकंपांनंतरही सरकारला लिहून दिलं होतं. मग ते आमच्या दारापर्यंत का पोचलं नाही, असं विचारलं तर तो पुढच्या तंबूकडे वळला. माणूस वाईट नव्हता. पण त्या दिवशी जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

लेकीला घेऊन मी तंजावरला सासरी परतले. कोपऱ्यात बसून जप ओढणं मला जमणारं नव्हतं. मद्रासेला जाऊन शिक्षिकेची परीक्षा दिली आणि आमच्या मराठी मुलींच्या शाळेत शिकवू लागले. शाळा एका जुन्या छत्राच्या पडवीत भरायची. छत्र म्हणजे राजेलोकांनी वाटसरूंसाठी बांधलेली धर्मशाळा. पाऊस आला की मुली दप्तरं पदराखाली घेऊन बसायच्या. म्हणून समाजानं नवी इमारत बांधायचं ठरवलं. निम्मी वर्गणी समाजाची, निम्मी मदत सरकारची, आणि नकाशा पास करणार बांधकाम खात्याचा गोरा साहेब. मंडळाचे मुख्य होते माझे सासरे. आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो.

इमारतीचा दर्शनी भाग मामंजींनी आपल्या खर्चानं, मुलाच्या स्मरणार्थ बांधायचं ठरवलं. मला कुणी विचारलं नाही. मला कळलं ते भिंती दाराच्या वर गेल्यावर. दारावर कठडा. कठड्यावर चुन्याविटांचं सिंहासन, दोन बाजूंना सिंह, वर छत्री, आणि मधोमध संगमरवरी पाटीवर माझ्या यजमानांचं नाव. कठड्याखाली मेलेल्या माणसाचं स्मारक म्हणून कठडा! आणि तोही शाळेच्या एकुलत्या एका दारावर.

तंजावरच्या मराठ्यांचं हे खूळच आहे. मी त्यांच्यातलीच, म्हणून बोलते. राज्य खालसा होऊन किती पिढ्या उलटल्या, घरातली पोरं एकमेकांशी तमिळमध्ये भांडतात, बाळबोध अक्षर धड वाचता येत नाही, पण घर बांधलं की गच्चीच्या तोंडाशी सिंह हवेत. आमच्या पणजेसासऱ्यांनी दरबारात राजावर मोरपिसांचं मोर्चेल धरलं होतं म्हणे. तेवढ्या पुण्याईवर आमच्या डोक्यावर छत्री. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी रोज बघत आले आहे. हौसेला माझी ना नव्हती. दिवाणखान्यात मांडा, अंगणात मांडा, हवं तर रोज फुलं वाहा. मुलींच्या डोक्यावर कशाला?

काम करणाऱ्या कोत्तनाराला, म्हणजे गवंड्याला, मी विचारलं की हे सगळं भिंतीत कशानं अडकवलंय. तो बिचारा अभिमानानं म्हणाला, चुना उत्तम आहे अम्मा, गूळ आणि हिरडा घालून मळलाय. म्हणजे लोखंडाची एक सळई नाही. त्याचा काय दोष? त्याला सिंह करायला सांगितले, त्यानं केले, आणि सुरेख केले.

मामंजींशी बोलायला मी संध्याकाळी तिण्णैवर गेले. तिण्णै म्हणजे दारापुढचा ओटा, तिथे ते कॉफी घेत बसायचे. उत्तरेत काय झालं ते त्यांना मी पूर्वीच सांगितलं होतं, आता पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, दैवापुढें कुणाचें चालतें? त्याचें नांव काय जमिनीवर लिहूं? मंडळातले बाकीचे तर माझ्यावर हसलेच. म्हणे, इथे भूकंप होतच नाही, आपलं मोठं देऊळ हजार वर्षं उभं आहे ते दिसत नाही का? अरे, देवळाचे दगड राक्षसासारखे, एकमेकांवर आपल्या वजनानं बसलेले. ते बांधणाऱ्यांना अक्कल होती. त्यांच्या अकलेच्या जोरावर तुम्ही विटा लटकवणार? आणि भूकंप होत नाही म्हणून कुणी सांगितलं? आम्ही राहत होतो त्या गावातही तेच म्हणायचे. म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर आठवतं, एकदा विहिरीतलं पाणी उगाच हिंदकळलं होतं आणि फळीवरची भांडी वाजली होती. मोठा भूकंप इथे शंभर वर्षं येणार नाही असंही असेल. पण लटकलेली वीट पडायला मोठा भूकंप लागत नाही. विधवेनं शुभकार्यात अपशकुनी बोलू नये, असं शेवटी एकानं सुनावलं. मी उठून आले.

राहता राहिला साहेब. नकाशावर सही त्याची, म्हणून मी त्याच्या बंगल्यावर गेले. पोर्चमध्ये उभी राहिले आणि सहज वर पाहिलं. पोर्चवरचा कठडा नुकताच उतरवलेला दिसत होता. भिंतीवर त्याची खूण ताजी होती. वर सागवानी वासे आणि हलकी कौलं, आणि वाशांना भिंतीशी जखडणाऱ्या लोखंडी पट्ट्या. साहेब बाहेर आला, खुर्ची दिली, माझं सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाला, तुमच्या समाजाची तशी इच्छा आहे, नेटिवांच्या भावनांत मी ढवळाढवळ करत नाही. मी बोट वर करून विचारलं, हा कठडा का काढलात? गळत होता, म्हणाला. याला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून त्यानं आपलं डोकं वाचवलं आणि आमच्या मुलींच्या डोक्यावर सही केली. वर पुन्हा आमच्या भावनांचा मान राखल्याचा आव!

उद्घाटनाच्या दिवशी दाराच्या पायऱ्यांवर, कठड्याच्या सावलीत, पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मुलींना गाणं म्हणायला तिथेच उभं करायचं ठरलं होतं. मी त्यांना तिथून उठवून अंगणाच्या पार टोकाला, उन्हात उभं केलं. बाईंना वेड लागलंय, असं कुणीतरी म्हणालं. मला स्वतःला पुढे यायची मनाई होती, कारण शुभकार्य. मी कुंपणाशी उभी राहिले. माझी लेक मात्र मामंजींच्या खुर्चीपाशी होती. देणगीदाराची नात म्हणून हाराचं तबक तिच्या हातात दिलं होतं. माझे डोळे वाद्यांकडे नव्हते, पाहुण्यांकडे नव्हते. ते त्या सिंहांवरून हलत नव्हते.

साहेब आला. नागस्वर, म्हणजे इकडची लांब सनई, वाजलं. तो आपल्या खुर्चीपाशी गेला, एकदा वर बघितलं, आणि बसला नाही. खुर्ची स्वतःच्या हातानं उचलली आणि उन्हात, मुलींच्या शेजारी नेऊन ठेवली. सगळीकडे टाळ्या. साहेब मुलींमध्ये बसला, केवढा हा साधेपणा! वाहवा सुरू झाली. कप्पाळ साधेपणा. मला राहवेना. शुभकार्य गेलं चुलीत, म्हटलं, आणि कुंपणापासून चालत सरळ साहेबापुढे जाऊन उभी राहिले. इंग्रजीत विचारलं की सावली सोडून आपण इथे का आलात.

तो लाल झाला. पण खोटं बोलला नाही एवढं खरं. म्हणाला, सवय आहे. मी उत्तरेत नोकरी केली आहे.

मी वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत सांगितलं, “साहेब म्हणतात, उत्तरेतली सवय. अशा कठड्याखाली ते बसत नाहीत.”

वाहवा थांबली. मग एक खुर्ची सरकली, मग दुसरी, मग सगळ्या. मोठमोठे पागोटेवाले आपापल्या खुर्च्या कडेवरच्या पोरासारख्या उचलून उन्हात आले. माझ्यासाठी नव्हे, साहेबासाठी. मी वर्षभर घसा कोरडा केला तेव्हा कुणी कूस बदलली नव्हती. पायऱ्यांवर मामंजी एकटे उरले, आणि त्यांच्या शेजारी तबक घेतलेली माझी लेक.

मामंजी उठले नाहीत. म्हणाले, “वर माझ्या मुलाचें नांव आहे. त्याच्या खालून मी उठणार नाहीं.”

त्यांचा आवाज फुटला होता. मला त्यांची कीव आली, आणि त्याच क्षणी रागही आला. मुलगा त्यांचा गेला होता, तसा नवराही माझाच गेला होता. विटा अंगावर कोसळताना मी पाहिल्या होत्या, त्यांनी नव्हे. लेकीला हाक मारणार, तेवढ्यात मामंजींचा हात पुढे आला. त्यांनी तिच्या हातातलं तबक काढून मांडीवर घेतलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तिला हलकेच पुढे लोटलं. जा, आईकडें जा, म्हणाले.

ती पायऱ्या उतरून माझ्यापाशी आली. मी तिचा दंड घट्ट धरला आणि मग विचारलं, “मामंजी, तिला का धाडलंत?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मांडीवरच्या तबकाकडे बघत बसले. नागस्वरवाल्यांना यातलं काही उमगलं नव्हतं, त्यांना वाटलं समारंभ पुढे सरकला, म्हणून त्यांनी पुन्हा वाजवायला घेतलं. त्या गोंगाटात मामंजी गुडघ्यांवर हात टेकून उठले, तबक घेऊन हळूहळू खाली आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. हार त्यांनी साहेबाला घातला नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी हाती दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले तर दारापुढे बांबूंची परांची बांधलेली होती आणि तोच कोत्तनार पहारीनं आपलेच सिंह फोडत होता. खाली मामंजी छत्री घेऊन उभे. पाटी तेवढी त्यांनी जपून उतरवून घेतली. सगळा कठडा दुपारपर्यंत जमीनदोस्त झाला. चुना खरोखर उत्तम होता, फार जड गेलं. त्याच आठवड्यात बांधकाम खात्याचा एक कारकून आमच्या तिण्णैवर येऊन उभा राहिला. सरकारी मदतीतून झालेल्या इमारतीचा मंजूर भाग कुणाच्या परवानगीनं पाडला, याचा साहेबांना खुलासा हवा होता. त्याच साहेबांना! मी आतून ऐकत होते आणि माझा हात दाराच्या कडीवर गेलाच होता. पण मामंजींनी कॉफीचा पेला खाली ठेवला.

“साहेबास सांगा,” ते म्हणाले, “माझा मुलगा अशाच एका कठड्याखालीं मेला. चढवायची परवानगी तुमची होती. उतरवायची माझी.”