नातीच्या गुडघ्यांचा आउट

आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्या काकांनी चाळीस वर्षं चाकांचा आउट काढला. चाक डोळ्यांसमोर गरकन फिरवायचं, ते कुठे डुगडुगतंय ते पाहायचं आणि तिथली तार आवळायची. अशा नजरेला साडेतीन वर्षांच्या नातीचे गुडघे एकमेकांना घासताना दिसले आणि काकांच्या घशाखाली घास उतरेना. ती दीड वर्षाची असताना त्यांनीच तिला हौसेनं तीनचाकीवर बसवलं होतं. "मीच पोरीचे पाय बिघडवले," असं ते रोज काकूंना ऐकवत.

शेवटी काकू वैतागल्या. "माझ्यापुढे काय रडताय? डॉक्टरांना विचारा की!"

डॉक्टरीणबाईंनी काकांची तीनचाकीची कबुली ऐकून घेतली, नातीला चालवलं, पळवलं आणि विचारलं, "तीनचाकीच्या आधी पाय कसे होते?"

"बाहेर वाकलेले. धनुष्यासारखे."

"बहुतेक मुलांचे तसेच असतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुडघे आत येतात आणि सातव्या-आठव्यापर्यंत आपोआप सरळ होतात. हिचे दोन्ही पाय सारखे आहेत, दुखत नाहीत, ती लंगडत नाही. तीनचाकीचा काही संबंध नाही."

काकांनी डोळे पुसले. "मग पट्टा? बूट? काहीतरी आवळायला तर द्या!"

"काही नाही. सहा महिन्यांनी फक्त दाखवायला आणा."

दुसऱ्या दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक नातीकडे बघत म्हणालं, "काका, पोरीचे गुडघे जरा..."

"काम चालू आहे," काका ऐटीत म्हणाले, "आपण हात लावायचा नाही."