खिळ्यावरची वायर

२०२४ साल. मला चौऱ्याहत्तरावं चालू होतं. मुलगा हवाई दलात. त्याची चंदीगडला बदली झाली, तसा मीही चंदीगडला गेलो. गेलो म्हणजे, नेला. बायको वारल्यावर मला गावी एकटं ठेवायचं नाही हे त्यांनी आपसात ठरवलं होतं, मला फक्त तिकीट दाखवलं.

गावी, सांगली जिल्ह्यात, माझा मोटारी भरायचा गाळा. विहिरीवरची मोटार जळाली की आतली तांब्याची तार काढायची, वेढे मोजायचे आणि तेवढेच वेढे नव्या तारेचे भरायचे. शाळा तिसरीपर्यंत, पण वेढा कधी चुकला नाही. मी निघालो तेव्हा गाळ्याची किल्ली धाकट्या भावाकडं दिली. तो दर रविवारी दहा वाजता फोन करायचा. अशाच एका रविवारी त्यानं सांगितलं, "दादा, गाळामालक दुसरं गिऱ्हाईक बघतोय. तू येणार का नाही ते पुढच्या रविवारी पक्कं सांग. नाहीतर मी किल्ली देऊन टाकतो." मला परत जायचं होतं. घरात मात्र कुणाला बोललो नव्हतो. बोललो असतो तर गोड बोलून बसवला असता.

म्हणून माझ्या फोनला मी जपायचो. फोन मुलाचाच जुना, चांगल्या कंपनीचा. त्याची चार्जिंगची पिन वेगळी, त्या कंपनीचीच. घरात बाकी सगळ्यांची पिन एकसारखी झाली होती. मुलाची, सूनबाईची, नातीची, कानात घालायच्या त्या बोंडांचीसुद्धा. आणि रोज संध्याकाळी त्या घरात एकच ओरड, माझी वायर कुणी नेली? माझी वायर मात्र माझ्या खोलीतल्या खिळ्यावर. चार बोटांवर घट्ट गुंडाळायची, वर सुती दोऱ्याचा फास मारायचा, कॉइल बांधतात तसा. न्यायची कुणी, लावणार कशाला?

यावरनं जेवताना वाद व्हायचे. नात चौदा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत.

"आजोबा, सबका एक होना चाहिए. कहीं भी जाओ, किसी से भी माँग लो."

"मागायचं कशाला? ज्याची त्याची आपली असावी."

"बाहेरच्या देशांत आता कायदाच झालाय, आप्पा," सूनबाई म्हणाली. "तुमच्या कंपनीनं पण नवीन फोनला सगळ्यांसारखीच पिन केलीय."

"केली असेल. दांडक्याशिवाय केली नसेल."

मुलगा हसला. "आप्पा, स्टार्टरची कॉइल कंपनी बदलली की बसत नाही म्हणून तुम्हीच शिव्या द्यायचा ना? शेतकऱ्याला मुद्दाम फिरवतात म्हणायचा. आता तुम्हीच त्यांची बाजू घेताय?"

खरं होतं. पण खरं आहे म्हणून ताटावर बसून कबूल करायचं असं कुठं लिहिलंय? मी म्हणालो, "मोटार वेगळी, फोन वेगळा. भात वाढ."

"मग नवाच घेऊ ना तुम्हाला," तो म्हणाला. "हा द्या मला, यातलं सगळं त्यात घालून देतो."

इथं मी कान टवकारले. आतलं सगळं म्हणजे काय? भावाचे फोन कधी आले, किती वेळ बोललो, तेही? एवढी घाई का याला? मी फोन उचलून खिशात घातला.

आणि बरोबर त्या शुक्रवारी वायर मेली. लावली तर फोन ढिम्म. परवा दिवशी रविवार. मी सरळ नातीच्या खोलीत गेलो.

"माझी वायर तू घेतली होतीस."

"नहीं तो."

"घेतलीस, ओढलीस आणि मोडलीस. नाहीतर तुझ्या बापानं सांगितलं असेल."

ती पलंगावर उठून बसली. "आजोबा, आपकी पिन मेरे फोन में लगती ही नहीं. आप ही तो रोज बोलते हो. मैं लेकर करूँगी क्या?"

माझंच बोलणं माझ्या तोंडावर. मी बाहेर आलो, पण संशय गेला नाही.

शनिवारी सकाळी रिक्षानं सेक्टर बावीसला गेलो. तिथं फोनच्या दुकानांची रांगच आहे. पहिल्या दुकानदारानं वायर बघितली आणि म्हणाला, "असली चाहिए तो सेक्टर सत्रह में कंपनी की दुकान पे जाओ." कंपनीनं आधी वेगळी पिन करायची, मग तिची वायर तिच्याच दारात जाऊन मागायची, हे मला जमणार नव्हतं. दुसऱ्यानं लगेच एक काढून दिली.

"चालेल का?"

"चलेगी जी, पक्का."

"गॅरंटी?"

"बाबाजी, गारंटी तो अब आपकी भी नहीं, मेरी भी नहीं. वायर की कहाँ से दूँ?"

शेजारचे दोघं हसले. मीही हसलो, आणि त्याच्याच दुकानातल्या प्लगला लावून बघितली. चार्जिंगचं चिन्ह आलं. घेतली. घरी येऊन लावली तर मिनिटभर चालली, मग पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं आणि बंद. पुसून लावली, उलटी लावली, तेच. दुकानात चालते आणि घरात चालत नाही! घरातल्या प्लगचाच संशय आला. टेस्टर लावून बघितला. प्लग चांगला होता.

मग दार लावून घेतलं आणि जुनी वायर चाकूनं सोलायला बसलो. नवीची तारच हलकी असणार, म्हणून पिन नवीची, तार माझ्या जुनीची, जोड मारायचा. असे हजार जोड मारलेत आयुष्यात. पिनेच्या मानेपाशी कापलं आणि हात थांबला. आतली तार तिथं चिरडून तुटली होती. एकाच जागी, रोज एकाच बाजूला वळून वळून. ओढलेली तार अशी तुटत नाही. ही घट्ट बांधल्यानं तुटते. कॉइलची तार एकदा बांधली की वर्षानुवर्षं तशीच बसते, तिला घट्ट बांधायचं. ही रोज सोडायची आणि रोज बांधायची तार. तिला मी कॉइलचा फास मारत होतो.

तरी जोड मारला. लाल लालला, काळी काळीला, हिरवी, पांढरी. पट्टी गुंडाळली. लावलं. पडद्यावर तेच इंग्रजी.

दार उघडून नातीला हाक मारली. "काय लिहिलंय?"

तिनं वाचलं. "लिखा है, ये वाली नहीं चलेगी. आजोबा, इनकी पिन में छोटी सी चिप होती है. फोन पहले उससे पूछता है, तू अपनी कंपनी की है क्या."

"म्हणजे वीज घ्यायच्या आधी जात विचारतो."

"हाँ. वही तो मैं बोल रही थी रोज."

तिनं खाली पडलेले तारेचे तुकडे बघितले. ती तुटकी मान तिच्या हातात दिली आणि सांगितलं, ही माझ्या गुंडाळण्यानं तुटली.  तिनं बाकीचे तुकडे गोळा केले.

रविवारी दहाला पाच कमी असताना फोन मेलेलाच. सूनबाईचा मागितला तर नंबर तिच्या फोनात राहील, मुलाचा तर विषयच नको. नातीकडं गेलो. "तुझा दे जरा. गावी बोलायचंय." तिनं दिला. भावाचा नंबर पाठ होता. ती तिथंच बसून राहिली आणि तिला बाहेर जा म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

भाऊ म्हणाला, "बोल दादा, देऊ का किल्ली?"

"देऊ नकोस," मी म्हणालो. "मी येतोय."

फोन परत दिला. नातीनं विचारलं, "पापा को पता है?"

"नाही."

एवढंच. ती उठून गेली. मग दिवसभर मी तिच्यावर पाळत ठेवली. ती बापाशेजारी बसली की मी पाणी प्यायला उठायचो. आईच्या कानाशी लागली की टीव्हीचा आवाज कमी करायचो. जेवताना मुलानं पुन्हा नव्या फोनचं काढलं, "आप्पा, आता तरी घेऊ ना?" तिनं माझ्याकडं बघितलं. आता बोलते, वाटलं. ती म्हणाली, "पापा, दही देना." पोळी अर्धी टाकून उठली, पण बोलली नाही. झोपायच्या आधी माझ्या दारात आली आणि आपली वायर माझ्या खिळ्यावर अडकवून गेली. माझ्या फोनला ती बसत नाही, हे तिलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठलो. माझं गुपित पोरीनं किती दिवस बांधून ठेवायचं? ती वायर काढली, सैल गुंडाळली, दोरा न बांधता तिच्या उशाशी ठेवली. बाहेर मुलगा ड्युटीला निघायला बुटाच्या नाड्या बांधत होता. त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "दोन मिनिटं थांब. गाळ्याचं बोलायचंय."