पहिल्या नातवाचं नाव

मनोहर काका बहात्तराव्या वर्षी ग्रीक शिकायला लागले तेव्हा अमेरिकेत, अल्फारेटातल्या आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना हसू आलं. इथली मराठी शाळा त्यांनीच सुरू केलेली. घरोघरी फोन करून मुलं गोळा करणारा माणूस आता चर्चच्या हॉलमध्ये बसून परकी मुळाक्षरं गिरवणार. कुणीतरी विचारलंही, काका, यंदा गणपतीची आरती ग्रीकमध्ये का? काकांनी मनावर घेतलं नाही. म्हणाले, "नातू माझ्या भाषेत येत नाही. मग मी जातो त्याच्या भाषेत."

नातू पेत्रोस सहा वर्षांचा आहे. काकांच्या मुलानं, यतीननं, थालिया या ग्रीक मुलीशी लग्न केलं. बाळाला सांभाळायला तिचे आईवडील ग्रीसहून आले ते इथेच राहिले. विहीणबाई देस्पिना पहिल्या दिवसापासून बाळाशी फक्त ग्रीक बोलल्या. यतीन त्याच्याशी इंग्लिश बोलला. रत्नाकाकू तोवर गेलेल्या होत्या आणि काका रविवारचे पाहुणे. पेत्रोसला मराठीतले दोन शब्द येतात, 'बस' आणि 'पुरे'. काकांना तो 'पापू मॅनी' म्हणतो. पापू म्हणजे आजोबा. मॅनी हे काकांचं ऑफिसातलं नाव, एकतीस वर्षं वापरलेलं.

पण काकांची खरी सल वेगळीच होती. पेत्रोस हे थालियाच्या वडिलांचं नाव. "चर्चमध्ये नेऊन पोराला त्यांच्या आजोबाचं नाव दिलं. मला विचारलंसुद्धा नाही." हे वाक्य मी सहा वर्षांत मंडळाच्या प्रत्येक पॉटलक जेवणात ऐकलं आहे, आणि दर वेळी विहीणबाईंना मनातून नावं ठेवली आहेत.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काका संध्याकाळी ड्राइव्ह करत नाहीत. माझ्या इशिताचं स्विमिंग त्या चर्चच्या जवळच असतं, म्हणून दर मंगळवारी त्यांना मी नेत-आणत होते. एप्रिलमध्ये एकदा ते क्लासमधून आले आणि सीटबेल्ट न लावताच बसून राहिले. त्या दिवशी बाईंनी घरातली नाती शिकवताना एक रीत सांगितली होती. ग्रीकांमध्ये पहिल्या मुलग्याला बापाच्या बापाचं नाव देतात. आईच्या बापाचं नाही.

"म्हणजे माझं," काका म्हणाले. "त्यांच्याच रीतीनं माझं नाव लागायला हवं होतं, इला. मला डावलायला त्यांनी स्वतःची रीत मोडली."

त्यांनी ठरवलं, पेत्रोसच्या नामदिनाला विहीणबाईंना विचारायचं. ज्या संताचं नाव, त्याच्या दिवशी हे लोक वाढदिवसाहून मोठा सण करतात. पेत्रोसचा एकोणतीस जूनला येतो. आणि विचारायचं ते ग्रीकमध्ये, म्हणजे समजलं नाही असं म्हणायची त्यांना सोय राहणार नाही. दोन महिने ते माझ्या गाडीत एकच वाक्य घोकत होते: माझ्या नातवाला माझं नाव का दिलं नाहीत? मागच्या सीटवर हेडफोन लावून बसलेल्या इशिताचंही ते पाठ झालं. तिनं काकांपेक्षा सफाईनं म्हणून दाखवलं. नागपूरच्या आजीशी फोनवर ती चार शब्द बोलत नाही.

मी काकांना परोपरीनं सांगून पाहिलं. भरल्या घरात वाद झाला, थालिया दुखावली, तर रविवारचा नातूही जाईल. काका म्हणाले, "आत्ता तरी तो कुठे माझा आहे?"

नामदिनाला मलाही बोलावणं होतं. अंगणात टेबलं मांडलेली, मधात घोळवलेले तळलेले गोळे, येणारा प्रत्येक जण पेत्रोसला आणि त्याच नावाच्या त्याच्या ग्रीक आजोबांना मिठी मारून 'ख्रोन्या पोल्ला' म्हणत होता. पुष्कळ वर्षं जगा. यतीन ग्रिलपाशी होता. काका एका कडेला कागदी बशी धरून उभे होते. मग बशी ठेवून ते विहीणबाईंकडे गेले आणि त्यांनी वाक्य म्हटलं. एकदाही न अडखळता.

विहीणबाईंनी आधी त्यांचे दोन्ही हात धरले. मग लहान मुलाला सांगावं तसं हळू, एकेक शब्द सुटा करून, त्या बराच वेळ बोलल्या. काका ऐकत होते, मधून मान हलवत होते. शेवटी त्यांनी ग्रीकमध्ये आभार मानले आणि मला म्हणाले, "निघू या?"

अर्ध्या रस्त्यात सिग्नलला ते बोलले.

"त्यांनी माझंच नाव धरलं होतं. चर्चसाठी संताचं नाव आणि घरात मनोहर, असं ठरलंही होतं त्यांचं. व्याही तर उच्चाराची प्रॅक्टिस करत होते. यतीन नको म्हणाला."

"का?"

"म्हणाला, माझ्या बापालाच ते नाव इथे चालवता आलं नाही. माझ्या मुलाच्या गळ्यात कशाला?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा मी गाडी पुढे घेतली. काकांच्या घरापाशी येईपर्यंत मला एवढंच सुचलं, की यतीनशी एकदा बोला. ते दार उघडता उघडता म्हणाले, "खोटं कुठे बोलला तो?"

पुढच्या मंगळवारी मी हॉर्न दिला, तर काका घरच्या कपड्यांतच बाहेर आले. क्लास सोडला म्हणाले. जेवढं कळायला हवं होतं तेवढं कळलं. हातातली वही त्यांनी खिडकीतून माझ्याकडे दिली. "इशिताला दे चित्रं काढायला. कोरी पानं पुष्कळ आहेत."

इशिता पाण्यात असताना मी वही उघडली. काकांचं अक्षर सुरेख आहे. प्रत्येक ग्रीक शब्दाखाली त्यांनी देवनागरीत उच्चार लिहिला होता. पहिल्या दिवशी बाईंनी आपापलं नाव लिहायला सांगितलं असावं. पहिल्या पानावर एकाखाली एक बारा ओळी होत्या, आणि प्रत्येकीखाली उच्चार: मॅनी.

वही मी इशिताला दिलेली नाही. घर झोपलंय आणि ती टेबलावर माझ्यासमोर आहे. शेजारी इशिताच्या स्विमिंग टीमचा फॉर्म आहे, उद्या द्यायचा. टोपीवर छापायच्या नावाच्या जागी मी गेल्याच आठवड्यात 'इश' लिहून ठेवलंय. तिनं सांगितलं नव्हतं.