तेलविहिरीचे पाइप नेणारा

त्याचं नाव मी इचारलं नाही. पांढरकवड्याच्या अलीकडं हायवेवर पेट्रोल सरत आलं आन माही मोपेड बंद पडली. हँडलले दुधाची क्यान, आन डेअरी बंद व्हायले थोडाच टाइम. उशीर झाला की दूध नासते.

बाजूले ट्रक लावून एक जण चहा पेत होता. कप ठेवून आला. क्यान काढली, मोपेड हळूच आडवी केली, तळाचं पेट्रोल सरकू देलं.

ट्रकात लांब लोखंडी पाइप होते. मी इचारलं, "हे कायचे?"

"तेलाच्या विहिरी खोदाचे, काकाजी."

"तेल आपल्याच जमिनीत? मंग पेट्रोल महाग काहून? घरच्या मालाले जगाचा भाव कायले?"

तो हासला. "बारा वर्सं पाइप वाहून राह्यलो. माह्या डिझेलचा भाव नाही उतरला." मंग क्यानीवर बोटं वाजवली. "गाय घरची ना? भाव कोण ठरवते?"

"डेअरी."

"आन घरी चहा कसा पेता?"

"दूध वेगळं, पेट्रोल वेगळं," मी ठणकावलं. मी चौथी शिकलो, पण कोणाचं ऐकून घेत नाही.

त्यानं एका किकमध्ये मोपेड चालू करून देली. "सीधे पंपावर जा."

दूध वाचलं. घरी आलो, तं बायकोनं रोजच्यासारखा कोरा चहा पुढं ठेवला. दूध वेगळं, पेट्रोल वेगळं, हे खरंच हाय. पण कसं वेगळं, ते जुळवता जुळवता कप थंडा झाला.