पक्कड आणि तिची बुंगाट

लहानपणी तिच्या हातात बाहुली कमी आणि पक्कड जास्त असायची. घरातला मिक्सर बिघडो नाहीतर शेजाऱ्यांचा पंखा कुरकुरो, ही पक्कड घेऊन हजर. शेवटी वडिलांनी तिला पक्कडच म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव लग्नानंतर तिच्याबरोबर विमानात बसून परदेशातही पोचलं. तिथे कामावरच्या लोकांना त्याचा अर्थ कळत नसे, पण म्हणायला सोपं म्हणून तेही तिला 'पाकड, पाकड' अशा हाका मारत.

तिचं काम लिफ्ट दुरुस्त करायचं. मायदेशी तिने इलेक्ट्रिकचा कोर्स केला होता, पण इकडे आल्यावर सुरुवातीची काही वर्षं लिफ्ट कंपनीच्या गोदामात सुटे भाग पुसून फळीवर लावण्यात गेली. एकदा एक मेकॅनिक आजारी पडला. साहेब म्हणाले, "चल माझ्याबरोबर, बॅटरी धर." तिने बॅटरी धरली आणि जिकडे साहेबांना बघायचं असे तिकडे उजेड त्यांच्या आधी पोचू लागला. त्या दिवसानंतर साहेबांनी तिला गोदामात फार दिवस राहू दिलं नाही. परीक्षा झाली, कामाचे जाड बूट मिळाले, कमरेला हत्यारांचा पट्टा आला, आणि पक्कड शहरभर वरखाली फिरू लागली.

नवरा बेकरीत होता. पहाटे घराबाहेर पडायचा, दुपारी आला की जेवून असा झोपायचा की शेजारी ढोल वाजवला तरी कूस बदलणार नाही. दोघांचं छान चाललं होतं, आणि मग मुलगी झाली.

तिने पोटात असतानाच लाथा मारून आईला बेजार केलं होतं. रांगायला लागली ती तर सुसाटच सुटली. आत्ता इथे आहे म्हणेपर्यंत स्वयंपाकघरात. कपडे धुण्याच्या मशीनमध्ये बापाचे बूट, पिठाच्या डब्यात टीव्हीचा रिमोट, आणि स्वतः पलंगाखाली धुळीत लोळत खिदळतेय. हातात कायम एक स्टीलचा चमचा, तो जमिनीवर आपटत आपटत तिची स्वारी निघायची. बाप म्हणाला, "ही मुलगी नाही, ही बुंगाट आहे." झालं, तेच नाव पडलं.

चमच्याच्या त्या आवाजाने खालच्या मजल्यावरची म्हातारी बाई वैतागायची आणि झाडूच्या दांड्याने आपल्या छताला ठोके द्यायची. बुंगाटला वाटायचं कुणीतरी खेळतंय आपल्याशी. ती दुप्पट जोराने उत्तर द्यायची. पक्कड लाजेने अर्धी व्हायची. जिन्यात म्हातारी दिसली की मान खाली घालून सटकायची.

बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा पक्कडने वडिलांना बोलावून घेतलं. बाबा म्हणजे रिटायर्ड बस कंडक्टर. सगळा जन्म उभ्याने काढलेला माणूस, बसून राहणं त्यांना ठाऊकच नाही. इथली भाषा येत नव्हती, पण त्यांचं कशावाचून अडत नव्हतं. सगळ्यांशी मराठीतच बोलायचे, फक्त जरा मोठ्याने. आल्या आल्या त्यांनी खालच्या बाईचं नाव 'ठकठक' ठेवलं आणि नातीला चालायला शिकवायचं मनावर घेतलं.

"बसमध्ये उभं राहता आलं की जगात कुठेही उभं राहता येतं," असं म्हणून ते तिच्या दोन्ही हातांची बोटं धरायचे, जिभेने टिंग टिंग अशी घंटा द्यायचे आणि आपल्या जुन्या रूटचे थांबे पुकारत तिला घरभर फिरवायचे. "चला, पोस्ट ऑफिस! पाण्याची टाकीवाले पुढे या!" बोटं धरलेली असली की बुंगाट ऐटीत चालायची. बोटं सोडली की धप्पकन खाली बसायची आणि रांगत पसार. पक्कड आणि तिचा नवरा रोज फोनचा कॅमेरा रोखून बसायचे. पहिलं पाऊल काही पडेना.

"बघ हं," पक्कड नवऱ्याला म्हणायची, "मी कामावर गेले आणि ही नेमकी तेव्हाच चालली, तर मी तुम्हा दोघांशी बोलणार नाही."

"तिला सांगून ठेव ना, माझ्यावर कशाला चिडतेस!" नवरा हसायचा.

पक्कड कामावर रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. एका ऑफिसच्या इमारतीत ती आणि तिचा जोडीदार लिफ्टचं दार उघडून बसले होते, इतक्यात कंपनीतून फोन आला. फोनवरची मुलगी म्हणाली, "लोक अडकलेत. तुझ्याच भागात आहे, जाशील का?" आणि तिने पत्ता सांगितला.

पक्कडच्या हातातला पाना निसटला. पत्ता तिच्या स्वतःच्या घराचा होता.

"आत कोण आहे?" तिने विचारलं.

"एक म्हातारी बाई, एक म्हातारा आणि एक बाळ. बाईंनी आतली घंटा दाबली. म्हणतात सगळे ठीक आहेत, पण तो म्हातारा मघापासून गाणं म्हणतोय."

"मला ऐकव."

मुलीने फोन स्पीकरजवळ धरला. आतून खणखणीत आवाज आला, "मंडईवाले उतरून घ्या! सुटे पैसे काढून ठेवा! टिंग टिंग!"

पक्कडला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. "ते माझे बाबा आहेत," ती म्हणाली. "गात नाहीत. बस काढलीय त्यांनी."

जोडीदाराला उघडी लिफ्ट सोडून येणं शक्य नव्हतं. आणि अडकलेली लिफ्ट हाताने सरकवायची तर दोन माणसं लागतात, एक ब्रेकवर आणि एक चाकावर. गाडीत बसता बसता तिने साहेबांना फोन लावला.

"साहेब, माझा नवरा घरात आहे. ब्रेक मी धरते, चाक त्याला फिरवू दे?"

साहेब म्हणाले, "वीज आधी बंद. तू म्हणशील तेवढंच त्याने करायचं. आणि पाकड, गाडी नीट चालव."

तिने गाडी नीट चालवली, पण सिग्नलला थांबली की स्टिअरिंगवर बोटं नुसती वाजत होती. एखादी अनोळखी लिफ्ट असती तर तिच्या डोक्यात वायरी आणि स्विच फिरले असते. आज डोक्यात फक्त बुंगाट होती. तहान लागली असेल का? घाबरली असेल का? ती म्हातारी बाई ठकठकच असणार, तिने काय ऐकवलं असेल बाबांना?

घरी पोचल्यावर ती जिने चढत सुटली. लिफ्ट पाचव्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकली होती. पाचव्यावर त्यांचं घर, चौथ्यावर ठकठकचं. तिने पाचव्यावरच्या लिफ्टच्या दाराच्या फटीला तोंड लावलं.

"बाबा!"

"आलीस का गं पक्कड!" खालून बाबांचा आवाज आला. "काही काळजी करू नकोस. आम्ही मजेत आहोत. मी हिला बागेत घेऊन निघालो होतो, ह्या बाई गच्चीवरून कपडे घेऊन येत होत्या. मधेच लिफ्टने मान टाकली."

"बुंगाट रडतेय का?"

"छे! बाईंच्या कपड्यांच्या टोपलीत बसलीय राणीसारखी. सगळे चिमटे उधळून झालेत. बाईच जरा घाबरल्यात. माझा हात सोडत नाहीत बिचाऱ्या."

"दाराला हात लावू नका कुणी. मी वर जाऊन लिफ्ट हळूच खाली घेते." मग तिने तेच ठकठकला तिच्या भाषेत समजावून सांगितलं. खालून बारीक आवाजात "बरं, बरं" असं उत्तर आलं. इतका मऊ आवाज त्या बाईकडे आहे हे पक्कडला आजच कळलं.

घरात नवरा घोरत होता. बाहेर एवढा गोंधळ, आणि हा तोंडावर उशी घेऊन ठार झोपलेला. तिने उशी ओढली. "ऊठ! बाबा आणि बुंगाट लिफ्टमध्ये अडकलेत!"

"ब्रेड जळला?" तो ताडकन उठून बसला. पुढच्या क्षणी सगळं डोक्यात शिरलं आणि तो पायात एक चप्पल घालून तिच्या मागे धावला.

गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पक्कडने आधी मुख्य स्विच खाली ओढला, पुन्हा तपासला. मग तिने त्याला मोठ्या लोखंडी चाकासमोर उभं केलं.

"मी ब्रेकचा दांडा उचलला की तू चाक ह्या बाजूला फिरवायचं. हळू. मी थांब म्हटलं की हात घट्ट, आणि मी ब्रेक सोडणार. झटका द्यायचा नाही. पीठ मळतोस ना, तसं, सगळं अंग घालून."

"पिठाला इतका घाम नाही येत मला," तो म्हणाला.

दोर ज्या भोकातून खाली जातात तिथून खालचा आवाज वर येत होता. टिंग टिंग. चिमटे पडल्याचा आवाज. बुंगाटचं खिदळणं. पक्कडने ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवला, अजून उचलला नव्हता, आणि खालून बाबांची आरोळी आली,

"चालली! अगं पक्कड, चालली! चालली!"

ब्रेक लागलेला असताना लिफ्ट चालली? तिने चाकाकडे पाहिलं. दोराकडे पाहिलं. दोर जागच्या जागी. "तू हलवलंस?" ती नवऱ्यावर ओरडली.

"मी हातसुद्धा नाही लावला!" तो दोन्ही हात वर करून भिंतीला चिकटला.

"बाबा! कुणीकडे चालली? वर की खाली?"

"वर-खाली काय? माझ्याकडून बाईंकडे!" बाबांचा आवाज आनंदाने फाटला होता. "बोट न धरता! लिफ्ट नाही गं, आपली बुंगाट चालली!"

वर खोलीत दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग नवरा तिथेच जमिनीवर बसला आणि पोट धरून हसायला लागला. पक्कडही हसली, आणि हसता हसता तिला हुंदका आला. इतके दिवस कॅमेरा घेऊन बसले, आणि पोरगी चालली ती तिच्या पायाखाली, तिच्याच लिफ्टमध्ये, आणि तिला दिसली नाही.

"ऊठ," तिने डोळे पुसले. "चल, आधी बाहेर काढू."

तिने दांडा उचलला. नवऱ्याने चाक फिरवलं, अगदी लोण्यासारखं. मजला आल्याची दोरावरची रंगाची खूण पाहून ती "थांब" म्हणाली, ब्रेक लावला आणि जिने उतरत धावली. चौथ्या मजल्यावर तिकोनी किल्ली फिरवून दार सरकवलं.

आत कपड्यांचा आणि चिमट्यांचा खच पडला होता. बाबा घामाने भिजलेले. ठकठक खाली फतकल मारून बसलेली, गालावर पाण्याचे ओघळ, तोंडभर हसू आणि हातात एक लाल चिमटा. तिच्या गुडघ्याला धरून बुंगाट उभी होती.

"ये, सोन्या, चालत ये!" पक्कडने हात पसरले.

बुंगाटने आईला नीट पाहून घेतलं, धप्पकन खाली बसली आणि आईच्या पायांमधून रांगत चौथ्या मजल्याच्या बोळात पसार झाली. मागोमाग खाली आलेल्या तिच्या एकचप्पल बापाने धावत जाऊन तिला पकडलं.

पक्कडने लिफ्ट तपासली. आतल्या दाराच्या खाचेत स्टीलचा चमचा पक्का रुतला होता. कंपनीतल्या मुलीने फोनवर विचारलं, "कारण काय लिहू?" पक्कड म्हणाली, "प्रवाशाचं सामान." चमचा काढला, दार सरळ केलं, लिफ्ट दोन-तीनदा वरखाली नेऊन पाहिली, मग साहेबांना कळवलं. साहेब म्हणाले, "आज आता घरीच थांब."

ठकठकचे कपडे पुन्हा घड्या करून टोपलीत भरले, आणि पक्कडने तिला धीर करून विचारलं, "चहा घ्याल का आमच्याकडे?"

"मला वाटलं तुम्ही कधी विचारणारच नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे बघतसुद्धा नाही तुम्ही जिन्यात."

चहा झाला, नवऱ्याने बेकरीतून आणलेली बिस्किटं पुढे केली. पक्कड पुन्हा पुन्हा विचारत होती, "नक्की कशी चालली? सांगा ना!" बाबा मराठीत सांगत होते, ठकठक तिच्या भाषेत, आणि दोघांचं अजिबात जमत नव्हतं.

"पाच पावलं टाकली," बाबा पंजा दाखवून म्हणाले.

ठकठकने जोरात मान हलवून तीन बोटं दाखवली.

"बाईंना चष्मा लावायला सांग गं," बाबा चिडले.

पक्कडने हे भाषांतर केलं नाही. पण ठकठकला बहुतेक कळलं, कारण ती खुर्चीवरून उठली, चिमटा बाबांच्या हातात दिला, दोन्ही हात वर केले आणि बुंगाट कशी चालली ते स्वतः चालून दाखवू लागली. डुलत, पाय फाकवून, तोंडाचा चंबू करून. एवढी मोठी बाई, आणि हुबेहूब बुंगाट! बाबांना ठसका लागला. नवऱ्याने गडबडीने फोन काढला.

आणि बुंगाटला ते पाहून काय झालं कोण जाणे. सोफ्याला धरून उभी होती, तिने एक आनंदाची किंकाळी फोडली, सोफा सोडला आणि ठकठकच्या मागोमाग निघाली. हात वर, पोट पुढे, तोंडाचा चंबू. टेबल मागे पडलं. बाबांच्या ओठांवर आलेली घंटा ओठांवरच राहिली. मधेच ती वळली, आईला पाहिलं, आणि तोल जातोय न जातोय तोच धावत सुटली आणि पक्कडच्या कमरेच्या पट्ट्यावर येऊन आदळली.

पक्कडने तिला उचलून छतापर्यंत उंच धरलं. "चालली! माझ्याकडे चालली! बघितलंस ना? घेतलंस ना फोनमध्ये?"

नवऱ्याने फोन पाहिला. कॅमेरा उलटा होता. सगळ्या चित्रीकरणात त्याचीच हनुवटी होती, थरथरणारी, आणि वर दोन ओले डोळे.

"दाखव," बाबा म्हणाले, आणि फोन हातोहात फिरला. तोवर बुंगाट आईच्या हातातून खाली उतरायला वळवळत होती. तिला परत चालायचं होतं.