कंपनीच्या बसमधला शाहीर

शारजाहून निघणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये एक फोरमन स्वतः रचलेल्या पोवाड्याचा छापील कागद रोज प्रत्येकाच्या हातात कोंबतो. विषय काहीही, मेसची डाळ, बंद पडलेला एसी. वर खड्या आवाजात गातोही.

“अहो, जरा झोपू द्या!” मी वैतागतो.

“यल्ला, चला साहेब, एकच कडवं,” म्हणत चार गातो.

परवा आमचा एक गवंडी हार्ट अटॅकने गेला. सांत्वनासाठी मी त्याच्या आईला गावी फोन लावला, पण नुसतं ‘मावशी, मावशी’ म्हणत राहिलो. फोरमनने फोन घेतला आणि त्या गवंड्यावर पूर्वी छापलेला पोवाडा चक्क गायला लागला. संतापून मी फोन हिसकावला.

“माफ करा, मावशी.”

“थांबवू नका त्यांना,” ती म्हणाली. “तो तिकडे कसा राहायचा, ते मला कुठे ठाऊक होतं?”